लिंबोणीच्या पानावरील नागमोडी रेघ

आज ज्या विषयावर चार शब्द सांगण्याचें मीं योजिलें आहे, तो पाहण्यासाठीं रानांत अगर शेतांत जाण्याची आवश्यकता नाहीं. आपल्या परसांत किंवा गच्चीवरील कुंडींत कागदी लिंबाचें झाड असेल, तर त्याच्या शेंड्याकडील एक कोंवळें पान खुडून हातावर घ्यावें. दिवस पावसाळ्याचे असले, तर त्या पानावर एक रुपेरी, चकचकीत, नागमोडी रेघ उमटलेली बहुधा दिसेल. गोगलगाय चालून गेल्यावर तिचा जसा माग राहतो, तसा हा माग दिसतो. परंतु बोटानें पुसूं गेल्यास तो पुसला जात नाहीं. कारण ती रेघ पानाच्या वर नसून आंत असते. पानाच्या पातळ त्वचेखालीं एका अतिसूक्ष्म अळीनें खणलेलें तें भुयार होय. शेतकरी या अळीस नागअळी म्हणतात. आणि ज्या कोणीं हें नांव प्रथम ठेविलें, त्यानें ती रेघ नीट पाहिली असली पाहिजे.

या भुयारामुळें पान आक्रसतें, त्याची कड वळते, शेंडा रोगट दिसूं लागतो, आणि घरधन्याचा जीव कासावीस होतो. अशा वेळीं काय करावें, काय करूं नये, आणि मुख्य म्हणजे कांहीं करण्याची गरज आहे कीं नाहीं हें कसें ओळखावें, एवढेंच आज सांगावयाचें आहे. मी कृषिशास्त्रज्ञ नाहीं. मॅट्रिक व त्यानंतर शिक्षकाची सनद एवढेंच माझें शिक्षण. आणि मुलांना मुळाक्षरांपासून त्रैराशिकापर्यंत शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें. हा विषय मला शिकावा लागला तो माझ्या स्वतःच्या एका चुकीमुळें. म्हणून प्रथम ती चूकच सांगतों.

आमच्या घरामागें माझ्या मातोश्रींनीं लावलेली एक लिंबोणी आहे. तिला आतां पंचविसांवर वर्षें झालीं. आमच्या घरास व शेजारच्या दोन बिऱ्हाडांस वर्षभर लिंबें विकत घ्यावीं लागत नाहींत. सात वर्षांपूर्वीं, श्रावणाच्या सुमारास, तिच्या नव्या पालवीवर मला या रेघा प्रथम दिसल्या. दोन दिवसांत जिकडे तिकडे रेघाच रेघा! मातोश्रींच्या हातचें झाड आपल्या डोळ्यांदेखत जाणार, या कल्पनेनें मी घाबरलों आणि तसाच औषधांच्या दुकानीं गेलों. दुकानदारानें पान पाहिलें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर मींही तें नेलें नव्हतें. “झाडावर अळी आहे, जालीम औषध द्या,” एवढेंच मीं सांगितलें. त्यानें जालीम औषध दिलें.

पांच-पांच दिवसांच्या अंतरानें मीं तें चार वेळां फवारलें. नाकातोंडास फडकेंसुद्धां बांधलें नाहीं. तिसऱ्या फवारणीच्या रात्रीं मला मळमळूं लागलें, डोकें भणभणूं लागलें, आणि डॉक्टरांस बोलवावें लागलें. तेवढ्यावर भागलें असतें तरी मीं तें विसरून गेलों असतों. पण दुसऱ्या दिवशीं सकाळीं माझी चार वर्षांची नात त्याच झाडाखालीं पडलेलीं लिंबें फ्रॉकच्या ओच्यांत वेंचीत होती, आणि त्यांतलें एक तिनें तोंडाजवळ नेलें होतें. तिच्या आजीनें तें झटकन् हिसकावून घेतलें म्हणून बरें. तो क्षण आठवला म्हणजे माझ्या अंगावर आजही कांटा येतो.

एवढें करून फळ काय मिळालें? पानांवरील रेघा होत्या तशाच राहिल्या. फुलांवर येणाऱ्या मधमाश्या दिसेनाशा झाल्या. पुढील पालवीवर रेघा पूर्वींहून अधिकच आल्या, आणि शिवाय फांद्यांवर खवल्यासारखी एक निराळीच कीड चिकटून बसली, ती त्या झाडावर पूर्वीं कधीं पाहिली नव्हती.

कार्तिकांत माझा एक जुना विद्यार्थी भेटीस आला. तो शेतकी महाविद्यालयांत शिकून त्याच खात्यांत नोकरीस लागला आहे. चहा झाल्यावर मीं त्याला झाडापाशीं नेलें व सारी हकीकत सांगितली. त्यानें एक पान खुडलें, सूर्याकडे धरलें, आणि हंसून म्हणाला, “गुरुजी, परीक्षेच्या वेळीं आपण आम्हांला बजावीत होतां कीं, प्रश्न दोनदां वाचा आणि मग लेखणी उचला. हें पान आपण एकदां तरी वाचलेंत का?”

मीं तें वाचलें नव्हतें. त्या दिवशीं त्यानें मला जें वाचावयास शिकविलें, तें आतां आपणांस सांगतों.

पान उजेडाकडे धरावें. रेघ जेथें सर्वांत बारीक आहे, तेथें तिचा आरंभ. जसजशी अळी वाढत जाते, तसतसें भुयार रुंद होत जातें. भुयाराच्या मधोमध काळसर धाग्यासारखी एक बारीक ओळ दिसते, ती अळीची विष्ठा होय. ही मधली ओळ म्हणजे लिंबावरील नागअळीची सहीच समजावी. आतां रेघेचें रुंद टोंक पाहावें. तेथें फिकट पिंवळसर हिरवी, पाय नसलेली, फार झालें तर तीन मिलिमीटर लांबीची अळी दिसली, तर ती अजून खात आहे. अळी दिसत नाहीं, परंतु रेघ पानाच्या कडेपर्यंत जाऊन तेथें कड दुमडली आहे, असें असेल तर तिनें त्या दुमडींत रेशमी कोष केला आहे. आणि दुमड रिकामी असेल, तर घरमालक केव्हांच घर सोडून गेला! बहुतेक लोकांचें लक्ष रेघेकडे जातें तें याच वेळीं.

दुसऱ्या उपद्रवांशीं याची गल्लत होऊं नये म्हणून कांहीं खुणा सांगतों. पान कडेनें कुरतडलेलें असेल आणि त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी ठसठशीत अळी असेल, तर ती लिंबावरील फुलपाखराची अळी होय. ती हातानें वेंचून काढतां येते. पानें वळलेलीं पण रेघ कोठेंच नाहीं, आणि हातास चिकटपणा लागतो व मुंग्यांची ये-जा आहे, तर तो मावा असण्याचा संभव अधिक. पानावर खरखरीत, उंचवट्यासारखे तपकिरी डाग व त्यांभोंवतीं पिंवळें कडें असेल, तर तो खैऱ्या नांवाचा रोग होय. टोमॅटो, चवळी किंवा झेंडू यांच्या पानांवर अशीच वांकडी पांढरी रेघ दिसते. परंतु ती एका लहानशा माशीच्या अळीची करणी असते. शेतकरी तिलाही नागअळीच म्हणतात. मात्र नांव एक असलें तरी किडा निराळा आहे.

लिंबावरील नागअळीची जननी एक इवलासा पतंग आहे. पसरलेल्या पंखांची रुंदी अवघी चार-पांच मिलिमीटर, म्हणजे मोहरीचे दोन-तीन दाणे ओळीनें मांडावे एवढी. पंख रुपेरी पांढरे, आणि त्यांच्या टोंकाशीं एकेक काळा ठिपका. तो दिवसा दडून बसतो व सायंकाळपासून पहांटेपर्यंत वावरतो, म्हणून आपल्या दृष्टीस क्वचितच पडतो. शास्त्रज्ञ त्यास ‘फिलोक्निस्टिस सिट्रेला’ म्हणतात. स्टेन्टन नांवाच्या इंग्रज कीटकशास्त्रज्ञानें कलकत्त्याकडून मिळालेल्या पतंगांवरून १८५६ सालीं त्याचें प्रथम वर्णन केलें; म्हणजे हा प्राणी आपल्याकडे नवखा नव्हे. लिंबें, संत्रीं, मोसंबीं यांवर तो असतोच. आणि त्याच कुळांतील बेलावरही आढळतो.

मादी आपलीं अंडीं कोंवळ्या पानांवर, बहुधा खालच्या बाजूस, एकेक करून घालते. अंडें दंवाच्या थेंबासारखें पारदर्शक असून मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढें असतें. हवामानाप्रमाणें दोन ते दहा दिवसांत अंडें फुटतें, आणि अळी बाहेरची हवाही न घेतां सरळ पानाच्या त्वचेखालीं शिरते. तेथें पेशी फाडून ती रस पिते. वरची त्वचा शाबूत राहते व तिच्याखालीं पोकळी होते. त्या पोकळींतील हवेमुळेंच रेघ चांदीसारखी चमकते. एक ते तीन आठवडे असें खाऊन झाल्यावर अळी पानाची कड दुमडून कोष करते, व पुढें त्यांतून पतंग बाहेर पडतो. उबदार दिवसांत हा सारा संसार दोन-तीन आठवड्यांत आटोपतो. थंडींत सात आठवडेही लागतात.

या चरित्रांत एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. ही अळी फक्त कोंवळें पान पोखरूं शकते. पान एकदां जून झालें, हातास कडक लागूं लागलें, म्हणजे तिला तेथें थारा नाहीं. म्हणून नागअळीचा हंगाम म्हणजे नव्या पालवीचा हंगाम. आपल्याकडे लिंबूवर्गीय झाडांस आंबिया, मृग व हस्त असे तीन बहार मानतात. त्यांच्या आगेमागें व विशेषतः पावसाळ्यांत नवी फूट जोरांत येते, आणि तिच्याबरोबर ही कीडही येते.

आतां माझी फवारणी फुकट कां गेली, हें आपोआप कळेल. पहिलें कारण असें कीं, रेघ म्हणजे पानावरचा व्रण आहे. अळी मेली तरी व्रण जात नाहीं. पान गळून पडेपर्यंत रेघ तशीच राहते. रेघा दिसतात म्हणून मी पुन्हां पुन्हां फवारीत होतों. म्हणजे जखम भरून आल्यावर राहिलेल्या वणावर मलम चोळीत होतों. दुसरें कारण, अळी त्वचेच्या पांघरुणाखालीं सुरक्षित असते. नुसतें पानावर पडणारें विष तिच्यापर्यंत बहुधा पोंचत नाहीं. आणि तिसरें कारण सर्वांत महत्त्वाचें. तें विष जे उघड्यावर फिरतात त्यांना लागतें. आणि उघड्यावर कोण फिरतात? मधमाश्या, कोळी, आणि नागअळीचे वैरी.

हे वैरी कोण, तें मला माझ्या विद्यार्थ्यानें सांगितलें. पण माझा विश्वास बसला तो एका प्रयोगानें. आपणही तो मुलांकडून करवून घ्यावा. कड दुमडलेलीं आठ-दहा पानें खुडावीं, त्यांचे देंठ ओल्या कापसांत गुंडाळावे, आणि तीं एका कांचेच्या बरणींत ठेवून तोंडास मलमलीचें फडकें बांधावें. बरणी सावलींत ठेवावी व रोज पाहावी. मीं हा प्रयोग पुढील वर्षीं केला. कांहीं पानांतून ते रुपेरी पतंग निघाले. परंतु कांहींतून तिळाहूनही लहान, गांधीलमाशीच्या जातीचे, काळसर व पिंवळसर कीटक बाहेर आले. भिंगाखालीं धरल्यावर त्यांचे चार पंख स्पष्ट दिसले. या गांधीलमाश्या माणसास दंश करीत नाहींत. त्या भुयारांतील अळीवर किंवा तिच्या अंगांत अंडें घालतात, आणि त्यांचें पिलूं त्या अळीस खाऊन वाढतें. म्हणजे जें काम माझ्या चार फवारण्यांस साधलें नाहीं, तें या चिमुकल्या प्राण्यांनीं बिनबोभाट चालविलें होतें. आणि मीं त्यांनाच मारीत सुटलों होतों. फांद्यांवरील खवल्यांच्या किडीचा उलगडाही त्यांतच झाला. तिलाही आळा घालणारे कीटक असतात, आणि तेही माझ्या औषधानें नाहींसे झाले होते.

या मित्रांची योग्यता केवढी, हें ते नसतात तेथें कळतें. १९९३ सालीं ही नागअळी अमेरिकेंतील फ्लॉरिडा संस्थानांत प्रथम आढळली. तेथें संत्र्यांच्या अफाट बागा. परंतु पूर्वेकडील तिचे खास वैरी मात्र तेथें नव्हते. वर्षभरांत ती साऱ्या संस्थानभर पसरली. तेव्हां १९९४ सालीं शास्त्रज्ञांनीं ‘एजेनियास्पिस सिट्रिकोला’ नांवाची एक सूक्ष्म गांधीलमाशी मुद्दाम परदेशाहून आणून बागांत सोडली, आणि ती तेथें रुजली. जें सैन्य त्या लोकांना समुद्रापलीकडून आणावें लागलें, तें आपल्या परसांत आयतें हजर असतें. त्याचा पगार एवढाच कीं, आपण त्याला मारूं नये.

मग नागअळीकडे सर्वस्वीं दुर्लक्ष करावें काय? तसेंही नाहीं. येथें झाडाचें वय विचारांत घ्यावें. चार वर्षांहून मोठ्या, सशक्त झाडास या किडीपासून सहसा हानि पोंचत नाहीं. त्याच्या अंगावर जून पानांचा मोठा सांठा असतो, आणि एखाद्या पालवीचीं कांहीं पानें वांकडीं झालीं तरी त्याच्या फळांत फारसा फरक पडत नाहीं. अळी फळांत शिरेल, ही भीतिही बाळगूं नये. तिचें क्षेत्र मुख्यतः पान, व क्वचित् कोंवळी फांदी. अशा झाडावर कांहीं न फवारणें हाच उत्तम उपाय होय.

परंतु कुंडींतलें रोप, नुकतेंच लावलेलें कलम, किंवा तीन-चार वर्षांच्या आंतील झाड यांची गोष्ट निराळी. त्यांचा सारा संसार नव्या पानांवर चाललेला असतो. लागोपाठ दोन-तीन वेळां पालवी वांया गेली, तर रोप खुंटतें. शिवाय भुयारावरची फाटकी त्वचा म्हणजे रोगजंतूंस उघडें दारच. पावसाळ्यांत खैऱ्याचे जंतु याच दारानें शिरतात, व नागअळी आणि खैऱ्या एकत्र झाल्या म्हणजे रोप हातचें जातें. आपल्या भागांत खैऱ्या असेल, तर नागअळीकडे अधिक काळजीनें पाहावें.

लहान झाडांसाठीं उपाय सांगतों, ते सोपे आहेत. मात्र ते वेळेवर झाले पाहिजेत. रेघ दिसण्याची वाट पाहूं नये. पालवी फुटली कीं जागें व्हावें. रोज सकाळीं चहाचा पेला हातांत घेऊन झाडास एक प्रदक्षिणा घातली तरी पुरे. नवीं पानें बोटाच्या नखाएवढीं झालीं कीं तीं उलटून पाहावीं. रेघेच्या टोंकाशीं अळी दिसली, तर पान न तोडतां ती जागा दोन बोटांच्या चिमटींत हलकेच दाबावी. कुंडींतल्या एक-दोन रोपांस एवढा उपाय बहुधा पुरतो. रोप अगदींच लहान असेल, तर पालवी जून होईपर्यंत त्यावर मच्छरदाणीच्या जातीचें पण त्याहून दाट विणीचें कापड काड्यांच्या आधारानें घालावें, म्हणजे रात्रीं पतंगास पानापर्यंत पोंचतां येत नाहीं.

रोपें अधिक असल्यास निंबोळीचा अर्क वापरावा. वाळलेल्या निंबोळ्यांच्या गराची, म्हणजे आंतील बियांची, भरड पन्नास ग्रॅम घ्यावी व ती एक लिटर पाण्यांत रात्रभर भिजत ठेवावी. सकाळीं ती हातानें चांगली चोळून दुहेरी फडक्यांतून पिळून गाळावी, आणि हरभऱ्याएवढा साधा साबण त्यांत विरघळवावा, म्हणजे अर्क पानास धरून राहतो. हा पांच टक्क्यांचा अर्क झाला. तो त्याच दिवशीं, ऊन उतरल्यावर, कोंवळ्या पानांच्या दोन्ही बाजूंस फवारावा. शिळा ठेवूं नये. सात-आठ दिवसांनीं पुन्हां एकदां फवारावा, आणि पानें जून झालीं कीं थांबावें. झाड फुलावर असेल तर फुलांवर फवारणी करूं नये. निंबोळी घरगुती वस्तु असली, तरी डोळ्यांत जाणार नाहीं याची काळजी घ्यावी. या अर्कानें पतंगाचें अंडीं घालणें कमी होतें व कोंवळ्या अळ्यांची वाढ खुंटते. मात्र शेवटच्या टप्प्यांतील कोषस्थ किड्यांवर त्याचा कांहीं उपयोग नाहीं, हें विसरूं नये.

प्रतिबंधाचे चार नियम आहेत. पहिला, झाड पुन्हां पुन्हां छाटूं नये; प्रत्येक छाटणीनंतर नवी फूट येते, म्हणजे आपणच कीटकास पंगतीचें आमंत्रण देतों. छाटणी वर्षांतून एकदांच करावी. दुसरा, बुंध्यापासून सरळ, जोमदार व कांटेरी फूट निघते, तिला शेतकरी पानसोट म्हणतात. ती फळ देत नाहीं, पण नागअळीस सतत कोंवळीं पानें पुरविते. ती लहानपणींच काढून टाकावी. तिसरा, कीड जोरांत असतांना युरियासारखें नत्रखत देऊं नये. खत आणि पाणी मोजकें व नियमित असावें, म्हणजे पालवी एकदम येते व एकदम जून होते. चौथा नियम पुष्कळांना विचित्र वाटतो: रेघा असलेलीं पानें सरसकट तोडूं नयेत. ज्या पानाचा एक भाग पोखरला आहे, त्याचा उरलेला हिरवा भाग झाडासाठीं अन्न तयार करीतच असतो. शिवाय आपल्या मित्र गांधीलमाश्याही त्याच पानांत वाढत असतात. आणि रोपवाटिकेंतून नवें रोप आणतांना त्याचीं कोंवळीं पानें उलटून पाहावीं, एवढें सांगितलें म्हणजे प्रतिबंधाचा अध्याय संपला.

परदेशीं बागकामाच्या पुस्तकांत कधीं कधीं असा उपाय वाचावयास मिळतो, कीं झाडाखालीं गळलेलीं पानें गोळा करून नष्ट करावीं. तो उपाय खोटा नाहीं. पण कोणत्या झाडासाठीं आहे तें पाहिलें पाहिजे. यूरोपांत ओक नांवाचे प्रचंड वृक्ष आहेत. आपल्या हिमालयांतील बांज हा त्यांचाच भाऊबंद. त्या यूरोपीय ओकच्या पानांतही नागअळीसारखे पतंगांचे किडे राहतात. त्यांपैकीं ‘टिशेरिया एकेब्लाडेला’ या जातीची अळी पानांत पांढुरका फोडासारखा डाग पाडते, शरदांत पानाबरोबरच जमिनीवर गळून पडते, आणि अवघा हिवाळा त्या वाळल्या पानांत काढते. तेथें पाचोळा झाडून नेला, तर पुढील वर्षाची कीड त्याबरोबर जाते. आपली लिंबोणी सदाहरित. तिच्यावरील कीड झाडावरच कोष करते व तेथूनच उडून जाते. म्हणून तिच्याखालचा पाचोळा वेंचून या किडीपुरता लाभ नाहीं. मात्र दोन्ही ठिकाणीं तत्त्व एकच: किडा अमुक वेळीं कोठें असतो हें आधीं जाणावें, आणि उपाय तेथें व तेव्हां करावा. जुन्या, भक्कम ओकासही तिकडील जाणते लोक या किडीसाठीं बहुधा औषध देत नाहींत.

शेवटीं विषारी औषधांविषयीं दोन शब्द. कांहीं औषधें मुळांवाटे झाडाच्या रसांत मिसळून भुयारांतील अळीपर्यंत पोंचतात, हें खरें. पण तोच रस फुलांतील मधापर्यंतही पोंचतो. मधमाश्यांस होणाऱ्या अपायामुळेंच यूरोपीय संघानें २०१८ सालीं या जातीच्या तीन औषधांचा उघड्या शेतांतील वापर बंद केला. मोठ्या बागायतदारास त्यांचा विचार तज्ज्ञांच्या सल्ल्यानें करावा लागत असेल. ज्या लिंबाचें आपण लोणचें घालतों व ज्याच्या सावलींत मुलें खेळतात, त्या घरच्या झाडास तीं नकोत. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कापसावर औषधें फवारतांना अनेक शेतकरी व शेतमजूर विषबाधेनें मृत्यु पावले, तें आपण वर्तमानपत्रांतून वाचलेंच असेल. ते लोक पोटासाठीं फवारीत होते. मीं तर चार डागाळलेल्या पानांसाठीं आपला जीव व नातीचा जीव धोक्यांत घातला होता. ज्याला औषध वापरणें प्राप्तच असेल, त्यानें बाटलीवरील सूचना अक्षरशः पाळाव्या, अंग व तोंड झांकावें, आणि सांगितलेले दिवस उलटल्याशिवाय फळ तोडूं नये.

आमची लिंबोणी अजून उभी आहे. गेल्या सहा वर्षांत तिच्यावर मीं एकही औषध फवारलें नाहीं. दर पावसाळ्यांत तिच्या पालवीवर त्या रुपेरी रेघा येतात, आणि पालवी जून झाली कीं थांबतात. पहिल्या दोन वर्षांत खवल्यांची कीड कमी झाली, मधमाश्या परत आल्या, आणि लिंबें तर शेजाऱ्यांना वाटून उरतात. माझी नात आतां अकरा वर्षांची आहे. भिंग घेऊन ती पानें उजेडाकडे धरते, आणि “आजोबा, ह्यांत अळी आहे; ह्यांतली गेली,” असें मला वाचून दाखविते. सात वर्षांपूर्वीं एवढें वाचतां आलें असतें, तर मला औषधांच्या दुकानाची पायरी चढावी लागली नसती.

तेव्हां श्रोतेहो, उद्यां सकाळीं आपल्या झाडापाशीं जावें, एक पान उजेडाकडे धरावें, आणि प्रथम तें वाचावें. मग काय करावयाचें, किंवा कांहींच न करतां स्वस्थ बसावयाचें, तें आपलें आपणांसच कळेल.